गेम डिझाइन शिकायला कुठे जावं: डिजिपेनपासून पुण्याच्या खासगी कोर्सपर्यंत

गेम डिझाइनचा कोर्स जोखताना आम्ही एक गोष्ट सर्वात वर ठेवतो: तिथल्या मुलांनी गेल्या तीन वर्षांत गटाने मिळून कोणते गेम पूर्ण केले, आणि ते आज आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून खेळता येतात का. इमारत, लॅबमधल्या खुर्च्या, भिंतीवरचे कंपन्यांचे लोगो, सॉफ्टवेअरची लांबलचक यादी या सगळ्याचा नंबर त्यानंतर. अर्धा गेम कुणीही बनवतो. मेनू, सेव्ह, आवाज कमी-जास्त करायची सोय, मध्येच कंट्रोलर निघाला तर काय होतं, पहिल्या दोन मिनिटांत खेळाडू गोंधळतो का, ही कामं अगदी शेवटी येतात आणि बहुतेक विद्यार्थी-प्रकल्प तिथेच बसतात. ती कामं केलेला उमेदवार स्टुडिओला हवा असतो. खालचा आढावा याच मापाने केला आहे.

आधी एक घोळ मिटवू. 'गेम डिझाइन' या पाटीखाली कॉलेजं चार वेगवेगळी कामं शिकवतात. डिझायनर नियम ठरवतो, लेव्हल मांडतो, अवघडपणाचा चढ आणि बक्षिसांचं गणित बसवतो. त्याचं निम्मं आयुष्य स्प्रेडशीटमध्ये आणि दुसऱ्याला खेळताना बघण्यात जातं. प्रोग्रॅमर सी प्लस प्लस किंवा सी शार्पमध्ये ते चालवून दाखवतो. आर्टिस्ट पात्रं, वस्तू, परिसर, हालचाल करतो. आणि प्रोड्युसर वेळ, माणसं आणि कामाचा आवाका सांभाळतो. भारतातल्या कित्येक खासगी कोर्सचं नाव 'गेम डिझाइन' असलं तरी विषयपत्रिका उघडली की आत दोन वर्षं मॉडेलिंग आणि टेक्स्चरिंग, म्हणजे वस्तूंचे त्रिमितीय आकार घडवणं आणि त्यांना रंग-पोत चढवणं, निघतं. तो कोर्स वाईट असतोच असं नाही, पण तो गेम आर्टचा कोर्स आहे. लेव्हल डिझायनर व्हायला निघालेला मुलगा तिथे ती दोन वर्षं बंदुकांची आणि पिंपांची मॉडेलं करत बसतो. म्हणून प्रवेशाच्या आधी सगळ्या सत्रांची विषयपत्रिका क्रेडिटसह मागून घ्यावी आणि चारही कामांच्या रकान्यांत क्रेडिट मोजावेत. अर्ध्या तासात खरं चित्र समोर येतं.

डिजिपेन, रेडमंड

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली ही संस्था या क्षेत्रात सर्वात जुन्यांपैकी, आणि आमच्या मते प्रोग्रॅमिंगसाठी आजही सर्वात कडक. क्लॉड कोमेअर यांनी १९८८ मध्ये व्हँकुव्हरला ती काढली, निन्टेंडोच्या सहकार्याने तिथे गेम प्रोग्रॅमिंगचे वर्ग सुरू झाले, आणि १९९८ मध्ये रेडमंडला पदवी अभ्यासक्रम आला. जागाही मोक्याची आहे: मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो ऑफ अमेरिका त्याच गावात, व्हॉल्व्ह ही गेम कंपनी शेजारच्या बेल्व्ह्यूमध्ये.

इथली ओळखीची पदवी म्हणजे कॉम्प्युटर सायन्स इन रिअल-टाइम इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन, सगळे जिला आरटीआयएस म्हणतात. तिचं वैशिष्ट्य असं की पहिली काही वर्षं युनिटी किंवा अनरियल या तयार इंजिनांचा, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो त्या पायाभूत सॉफ्टवेअरचा, आधार मिळत नाही. गटाने स्वतःचं इंजिन लिहायचं, आधी द्विमितीय, मग त्रिमितीय, आणि त्याच इंजिनवर गेम पूर्ण करायचा. हे का करवून घेतात ते समजून घ्यायला हवं. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला १६.६ मिलिसेकंद मिळतात. त्यात इनपुट, भौतिकी, ॲनिमेशन, आवाज आणि रेखाटन सगळं बसवायचं असतं. तयार इंजिनमध्ये ही ओढाताण झाकलेली राहते. स्वतः इंजिन लिहिणाऱ्याला मेमरी कुठे गळते, वेळ कुठे जातो हे बोटावर सांगता येतं, आणि मोठ्या स्टुडिओच्या मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

डिझाइनच्या पदव्याही आहेत, एक कॉम्प्युटर सायन्सच्या जोडीने आणि एक कला शाखेची. डिझायनर, प्रोग्रॅमर आणि आर्टिस्ट एकाच प्रकल्पगटात येतात, ही या संस्थेची खरी ताकद. २००५ चा 'नार्बॅक्युलर ड्रॉप' हा इथल्याच विद्यार्थ्यांच्या गटाचा प्रकल्प. व्हॉल्व्हने तो पाहून गटाला कामावर घेतलं आणि त्यातून २००७ मध्ये 'पोर्टल' आला. 'पोर्टल २' मधले जमिनीवर फासायचे रंगीत चिकट द्रव इथल्याच दुसऱ्या एका विद्यार्थी-गेमवरून आले. दोन्ही वेळा कंपनीने खेळता येईल असा पुरा गेम पाहिला होता, एवढं लक्षात ठेवावं.

उणी बाजू: अभ्यास प्रचंड आणि गणित पहिल्या दिवसापासून. व्हेक्टर, मॅट्रिक्स, डॉट प्रॉडक्ट, कॅल्क्युलस यांच्याशी बारावीत ज्याची फारकत झाली, त्याने आरटीआयएसच्या वाटेला जाऊ नये. खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या अशा खासगी संस्थांत नुसतं शिकवणी शुल्क वर्षाला ४० हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जातं. चार वर्षांचं राहणं-खाणं धरून आकडा दोन कोटींकडे सरकतो. घर गहाण ठेवून पदवीसाठी तिथे जाणं आम्ही सुचवणार नाही. सिंगापूर आणि बिल्बाओलाही त्यांचे कॅम्पस आहेत, तिथलं शुल्क आणि व्हिसाचे नियम वेगळे, ते स्वतंत्र तपासावेत.

अमेरिकेत कुठेही जायचं असेल तर आणखी एक बारकावा. शिक्षणानंतर कामाची परवानगी साधारण १२ महिने मिळते; कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. कोर्स त्या यादीत आहे का हे नावावरून कळत नाही, त्याच्या सीआयपी क्रमांकावरून, म्हणजे अभ्यासविषयाच्या सरकारी सांकेतिक क्रमांकावरून ठरतं, आणि तो क्रमांक आय-२० या व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मवर छापलेला असतो. एकाच विद्यापीठात गेम प्रोग्रॅमिंग स्टेममध्ये आणि गेम डिझाइनची कला पदवी बाहेर, असं सर्रास घडतं. प्रवेश कार्यालयाला ईमेल करून सीआयपी क्रमांक लेखी मागवा. दोन वर्षांच्या नोकरीचा प्रश्न आहे.

ॲबर्टे, डंडी आणि ब्रेडा

स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या ॲबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्ये कॉम्प्युटर गेमची पदवी सुरू केली, जगात सर्वात आधी. त्याच गावात डीएमए डिझाइनने 'लेमिंग्ज' आणि पहिला 'ग्रँड थेफ्ट ऑटो' केला होता, त्यामुळे शहरात स्टुडिओंची परंपरा आहे. स्कॉटलंडची ऑनर्स पदवी चार वर्षांची. प्रोग्रॅमिंग, कला आणि डिझाइन-प्रॉडक्शन अशा वेगळ्या पदव्या, आणि तिसऱ्या वर्षी सगळ्यांना मिश्र गटांत टाकून बाहेरच्या ग्राहकाने दिलेल्या मागणीवर काम. आम्हाला हा घाट फार आवडतो. विद्यार्थी स्वतःच्या मनातला स्वप्नातला गेम करायला बसला की आवाका फुगतो. दुसऱ्याने दिलेली दोन ओळींची मागणी, ठरलेली तारीख आणि मध्येच बदलणारं मत याने माणूस लवकर तयार होतो. पदवी झालेल्यांसाठी गेम डेव्हलपमेंटचा एक वर्षाचा मास्टर्सही आहे, तोही गटाने करायच्या कामावर उभा.

ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळत आला आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी तो १८ महिन्यांवर येतो. एक वर्षाचा मास्टर्स करणाऱ्याने हा हिशेब आधीच मांडावा, कारण पहिली नोकरी मिळायला या धंद्यात सहा-आठ महिने सहज जातात.

नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहराचं विद्यापीठ हे पदवीसाठी आमचं आवडतं ठिकाण. चार वर्षांची इंग्रजीतली पदवी, आत प्रोग्रॅमिंग, कला आणि डिझाइन-प्रॉडक्शन असे प्रवाह, व्याख्यानं कमी आणि प्रकल्प जास्त. प्रवेशासाठी निवड प्रक्रिया असते, घरून करून पाठवायचं काम असतं, आणि ते प्रवाहाप्रमाणे वेगळं. नुसत्या बारावीच्या टक्क्यांवर आत जाता येत नाही, हे चांगलंच आहे. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांचं शुल्क अमेरिकेच्या मानाने बरंच कमी, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो. अडचण घराची: डच शहरांत विद्यार्थ्यांना खोली मिळणं हे मोठं दुखणं आहे, आणि खोलीचं पक्कं झाल्याशिवाय विमानात बसू नये.

पदवीनंतर: कार्नेगी मेलन आणि ऑरलँडो

इथे आमचं ठाम मत सांगतो. बारावी विज्ञानाला गणित चांगलं असेल, तर एमएचटी-सीईटीतून व्हीजेटीआय, सीओईपी, पीआयसीटी यांसारख्या कॉलेजात कॉम्प्युटरची इंजिनिअरिंग पदवी घ्यावी, त्या चार वर्षांत बाजूला सहा-सात छोटे गेम पुरे करावेत आणि मग गेमचा मास्टर्स करावा. गेम प्रोग्रॅमर व्हायला महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय मुलासाठी यापेक्षा पक्का रस्ता आम्हाला दिसत नाही. उद्या गेम उद्योगात मंदी आली तरी हातात डिग्री आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या स्टुडिओंनी हजारो लोक कमी केले, तेव्हा ज्यांच्याकडे साधी कॉम्प्युटरची पदवी होती ते दुसरीकडे वळू शकले. नुसत्या गेम पदवीवाल्यांना ते जड गेलं.

मास्टर्सपैकी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचं एंटरटेनमेंट टेक्नॉलॉजी सेंटर वेगळं पडतं. रँडी पॉश आणि डॉन मरिनेली यांनी ते उभं केलं, एक कॉम्प्युटरवाला आणि एक नाटकवाला, आणि कोर्सवर दोघांचा ठसा आहे. पहिल्या सत्रात 'बिल्डिंग व्हर्च्युअल वर्ल्ड्स' नावाचा विषय असतो. चार-पाच जणांचा गट, एक-दोन आठवडे, त्यात एक पूर्ण अनुभव बनवायचा. झाला की गट मोडायचा, नव्या माणसांबरोबर पुन्हा शून्यापासून. सत्रभर असे अनेक फेरे. यात तंत्र शिकून होतंच, पण त्याहून महत्त्वाचं असं की ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबरोबरही दहा दिवसांत काहीतरी चालतं करून दाखवावं लागतं. पुढची सत्रं एकेका मोठ्या प्रकल्पाची, बऱ्याचदा बाहेरच्या ग्राहकासाठी. आर्किटेक्चर, नाट्य, अप्लाइड आर्ट अशा पार्श्वभूमीच्या मुलांनाही तिथे जागा असते. मात्र ज्याला फक्त ग्राफिक्स प्रोग्रॅमिंगमध्ये खोल उतरायचं आहे, त्याला हा कोर्स पसरट वाटेल.

सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या फिया या संस्थेचा मास्टर्स १६ महिन्यांचा; संस्था ऑरलँडो शहराच्या मध्यावर, ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या गेम कंपनीच्या स्टुडिओच्या शेजारी. अर्ज करतानाच प्रोग्रॅमिंग, कला की प्रॉडक्शन हे सांगावं लागतं, आणि सगळी रचना स्टुडिओत काम केल्यासारखी. वेळ कमी, म्हणून खर्च आटोपशीर. पण आत जाताना हातात नीट पोर्टफोलिओ नसेल तर १६ महिन्यांत तो घडवणं अवघड.

एनआयडी, बंगळुरू

देशातल्या देशात राहायचं आणि डिझायनरच व्हायचं, तर एनआयडीच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या) बंगळुरू कॅम्पसचा डिजिटल गेम डिझाइनमधला एम.डेस. हा आमचा पहिला पसंतीक्रम. अडीच वर्षांचा कोर्स, जागा मोजक्या, प्रवेश एनआयडीच्या डॅट परीक्षेतून: आधी प्रिलिम्स, मग मेन्समध्ये स्टुडिओ टेस्ट आणि मुलाखत. शेवटचं सत्र पदवी प्रकल्पाचं, जो साधारणपणे एखाद्या कंपनीत किंवा संस्थेबरोबर करायचा असतो.

इथलं बळ विचारात आहे. कागदावर, फाशांनी, पत्त्यांनी नियम तपासायचे, दुसऱ्याला खेळायला बसवायचं, मोडायचं, पुन्हा मांडायचं. त्याच कॅम्पसवर इंटरॅक्शन आणि इन्फर्मेशन डिझाइनचे विद्यार्थी असल्याने संशोधनाची शिस्त लागते. कमतरता म्हणजे ही प्रोग्रॅमिंगची शाळा नाही. इंजिनिअर होऊन गेलेला विद्यार्थी इथे चमकतो, कारण तो स्वतःचा प्रोटोटाइप स्वतः चालवतो. कोडला हात न लावलेल्याने प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात युनिटी आणि सी शार्पची तोंडओळख करून घेतलीच पाहिजे, नाहीतर सगळी वर्षं दुसऱ्याच्या मागे 'एवढं करून दे ना' म्हणत फिरावं लागतं.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाबद्दल नेहमी विचारणा होते. बी.डेस.ला प्रवेश यूसीड परीक्षेतून, एम.डेस.ला सीड परीक्षेतून, दर्जा उत्तम. पण तिथे गेम डिझाइन नावाची स्वतंत्र पदवी नाही. इंटरॅक्शन किंवा ॲनिमेशन घेऊन प्रकल्प गेमचा करता येतो. यूएक्स (वापरणाऱ्याचा अनुभव) आणि इंटरफेसकडे ओढा असेल तर जरूर जावं. मुंबईत २०२५ मध्ये सुरू झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही सरकारी पाठबळाची संस्था आशा वाटावी अशी आहे, पण आमचं माप तिला अजून लावता येत नाही: विद्यार्थ्यांच्या दोन-तीन तुकड्या बाहेर पडून त्यांचे गेम दिसायला हवेत. तोवर पहिल्या तुकड्यांत जाणाऱ्याने शिक्षक कोण आहेत हे नावानिशी विचारून जावं.

पुण्या-मुंबईतले खासगी कोर्स

इथे नावं घेऊन निकाल देण्यापेक्षा तपासायचं कसं ते सांगणं जास्त उपयोगाचं, कारण शिक्षक बदलला की दोन वर्षांत कोर्स वर-खाली होतो. चार वर्षांचं शुल्क दहा लाखांच्या पुढे सहज जातं, तेव्हा दोन शनिवार-रविवार यात घालवायला हरकत नाही.

पहिलं, पदवी कुणाची? वर्ग पुण्यात, पण पदवी दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाची, असा प्रकार आढळला की थांबा. राज्य किंवा खासगी विद्यापीठाला आपल्या हद्दीबाहेर खासगी क्लासमार्फत पदवी चालवता येत नाही, यूजीसीची भूमिका यावर स्पष्ट आहे. अशी पदवी पुढे परदेशी मास्टर्सच्या किंवा व्हिसाच्या वेळी अंगाशी येते. डिप्लोमा असेल तर डिप्लोमा म्हणूनच घ्या, शुल्कही त्या मानाने द्या. आणि पदवी तीन वर्षांची की चार, हेही विचारा; अमेरिकेतली अनेक विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात.

दुसरं, माजी विद्यार्थी. लिंक्डइनवर कॉलेजचं पान उघडा, माजी विद्यार्थ्यांच्या टॅबवर जा, दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांचं वर्ष टाका आणि हुद्दे वाचा. गेम डिझायनर, गेमप्ले प्रोग्रॅमर, थ्रीडी आर्टिस्ट किती, आणि ग्राहक सेवा किंवा सर्वसाधारण ग्राफिक डिझाइन किती, ते मोजा. क्यूए टेस्टर, म्हणजे गेम खेळून त्यातले दोष शोधणारे, दिसले तर नाक मुरडू नका. भारतात स्टुडिओत शिरायचा तो प्रामाणिक दरवाजा आहे. पण वीसपैकी अठरा तिथेच असतील, तर कोर्स डिझायनर घडवत नाही.

प्लेसमेंटच्या यादीवर तारीख आहे का ते बघणं आता फार महत्त्वाचं झालं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली. फँटसी, रमी, पोकरवाल्या कंपन्या त्याआधी मोठ्या प्रमाणावर भरती करत असत, आणि त्यांचे पगार इतरांपेक्षा चढे होते. २०२३-२४ चं 'सर्वाधिक पॅकेज' त्यांच्यातलंच असण्याची शक्यता दाट. ती कंपनी आज गेम बनवते का, एवढा एक प्रश्न समुपदेशकाला विचारा.

तिसरं, गेम. इच.आयओ या गेम चढवायच्या वेबसाइटवरचं कॉलेजचं किंवा विद्यार्थ्यांचं पान मागा. तिथे गेम चढवायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे 'अजून प्रसिद्ध केलेले नाहीत' या सबबीला अर्थ नाही. पाच गेम उतरवा, प्रत्येकी दहा मिनिटं खेळा. नुसता ट्रेलर असेल आणि गेम नसेल, तर तो प्रकल्प मोजू नका. श्रेयनामावलीत प्रोग्रॅमर, आर्टिस्ट आणि डिझायनर वेगळे आहेत का? सगळीकडे एकच नाव असेल तर त्या कॉलेजात गट बनतच नाहीत, बहुधा ॲनिमेशन विभाग आणि कॉम्प्युटर विभाग वेगळ्या इमारतीत आहेत आणि त्यांची वेळापत्रकं जुळत नाहीत. हा दोष आपल्याकडे सर्वात जास्त आढळतो आणि माहितीपत्रकात तो कधीच दिसत नाही.

चौथं, लेव्हल डिझाइनच्या वर्गात एक तास बसू द्या म्हणा. चांगला वर्ग ओळखायला सोपा असतो. पडद्यावर रंग नसतात, करड्या ठोकळ्यांची लेव्हल असते. शिक्षक मापं विचारतो: पात्राची उडी ४ मीटर जाते, मग ही दरी ३.८ मीटर का ठेवलीस? पहिल्याच उडीला इतकी ओढ कशाला? दरवाजा खऱ्या घरासारखा १ मीटर रुंद ठेवला, पण कॅमेरा पात्राच्या ३ मीटर मागे आहे, तो चौकटीत अडकतो. २ मीटर कर, छत ४ मीटरवर ने. मग एका दुसऱ्याच विद्यार्थ्याला खेळायला बसवतात आणि बनवणाऱ्याला तोंड उघडायची परवानगी नसते. खेळणारा जिना उतरून खाली येतो, त्याचा कॅमेरा खाली झुकलेला, वरची कळ त्याला दिसतच नाही, तो चार वेळा खोलीला चक्कर मारतो. बनवणारा वहीत वेळ लिहितो: १ मिनिट ४० सेकंद. मग कळ हलवायची की जिन्यासमोरच्या भिंतीवर उजेड टाकायचा, यावर वर्ग बोलतो. हे घडताना दिसलं, तर इमारत जुनी असली तरी प्रवेश घ्या. त्याऐवजी शिक्षक प्रोजेक्टरवर मेनू दाखवतोय आणि तीस मुलं तोच मेनू दाबतायत, असं दिसलं तर तेवढंच यूट्यूबवर फुकट आहे.

पाचवं, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा आवाका कोण ठरवतं? पाच जणांचा गट, १५ आठवडे, प्रत्येकी आठवड्याला १० तास, म्हणजे ७५० तास झाले. त्यातला एक तृतीयांश चाचणी आणि दुरुस्तीला बाजूला काढला की उरतात ५००. हालचालींसकट एक पात्र विद्यार्थ्याच्या हातून ८० ते १०० तास खातं. तेव्हा चार पात्रं घेतली की गेम बनवायला फारसं काही उरत नाही, आणि तरी दरवर्षी कुणीतरी शिवकालीन ओपन वर्ल्डचा, म्हणजे खेळाडू कुठेही फिरू शकेल अशा अफाट जगाचा, प्रस्ताव घेऊन येतं. शिक्षकाने त्याला तिथेच एका गडाच्या एका दरवाजापाशी आणलं पाहिजे: एक बुरूज, एक पहारेकरी, दहा मिनिटांचा खेळ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी' आणला तोही आटोपशीर लांबीचा गेम होता, आणि ती व्यावसायिक मंडळी होती.

त्याच ओघात व्हर्जन कंट्रोल, म्हणजे सगळ्या गटाचं काम जुन्या आवृत्त्यांसह एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, कोणतं वापरता ते विचारा. 'पेनड्राइव्हवर देवाणघेवाण करतो' हे उत्तर आलं तर समजा की प्रकल्प सादरीकरणाच्या आदल्या रात्री कुणाचं तरी काम पुसलं जाणार. अनरियलच्या फायली बायनरी असतात, दोघांनी एकाच वेळी बदलल्या तर जोडता येत नाहीत, म्हणून कुलूप लावायची सोय लागते. पर्फोर्स या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे, गिट हे दुसरं वापरायचं तर मोठ्या फायलींसाठी एलएफएस ही जोड बसवावी लागते. हे ज्या लॅबमध्ये पहिल्या सत्रात शिकवतात, तिथल्या शिक्षकाने खऱ्या स्टुडिओत काम केलेलं असतं.

आणखी दोन प्रश्न, घाईतले पण खर्चाचे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे हक्क कुणाकडे राहतात? काही संस्था ते स्वतःकडे ठेवतात, म्हणजे तुम्ही केलेला गेम तुम्हाला स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात विकता येत नाही. आणि लॅब संध्याकाळी सहानंतर उघडी असते का? नसेल तर लॅपटॉपचा खर्च शुल्कात मिळवा. अनरियल ५ साठी १६ जीबी रॅम चालतं पण रखडतं, ३२ घ्यावं. ८ जीबी मेमरीचं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि १ टीबी एसएसडी. 'गेमिंग' पाटीचा दिमाखदार पण १६ जीबीत अडकलेला आणि पुढे रॅम न वाढवता येणारा लॅपटॉप टाळा.

कुणी काय घ्यावं

गणित आवडणाऱ्याने कॉम्प्युटरची पदवी आणि नंतर मास्टर्स. ब्रेडाचं किंवा ॲबर्टेचं शुल्क घरच्यांना पेलत असेल आणि बारावीतच पोर्टफोलिओ तयार असेल, तर थेट तिकडे. चित्रकलेचा हात असलेल्याने चांगला गेम आर्टचा कोर्स किंवा अप्लाइड आर्टची पदवी घ्यावी, जे.जे.सारख्या ठिकाणी शरीररचना, प्रकाश आणि रंग पक्के होतात, सॉफ्टवेअर त्यावर सहा महिन्यांत चढतं, उलटं होत नाही. शुद्ध डिझायनर व्हायचं असेल तर कोणत्याही शाखेची पदवी करून एनआयडीची तयारी करावी, कारण विशीच्या आतल्या मुलाला डिझायनर म्हणून थेट घेणारे स्टुडिओ भारतात फार थोडे आहेत. पुण्यातला युबिसॉफ्टचा स्टुडिओ असो की सुपरगेमिंगचा, आधी काही बनवून दाखवलेला माणूस त्यांना हवा असतो.

आणि कोणताही फॉर्म भरण्याआधी एक छोटा गेम पूर्ण करून बघावा. जानेवारीच्या अखेरीस ग्लोबल गेम जॅम असतो, म्हणजे साधारण ४८ तासांत गटाने गेम बनवायचा मेळावा, पुण्या-मुंबईतही त्याची केंद्रं भरत आली आहेत. गोडो हे इंजिन फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. एका पडद्याचा, एका कळीने खेळायचा गेम, सुरुवातीचा मेनू आणि शेवटचा पडदा यांसह. अँड्रॉइडवर टाकायचा असेल तर प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला १२ परीक्षक मिळवून, फक्त त्यांच्यापुरती, १४ दिवसांची चाचणी करावी लागते. ते बारा जण जमवताना, त्यांच्या तक्रारी वाचताना आणि तोच दोष तिसऱ्यांदा दुरुस्त करताना काम आवडतंय की नाही हे मुलाला स्वतःलाच कळतं, आणि तोच गेम पुढे ब्रेडाच्या अर्जात किंवा एनआयडीच्या मुलाखतीत दाखवता येतो.